‘निंजा’ या शब्दाचा अर्थ आणि उगम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘निंजा’ या जपानी शब्दाविषयी मराठी वाचकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल अशा बेताने लिहिले असून, एखादा मुद्दा दुसरीकडे अधिक तपशिलाने आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. जपानी शब्द देवनागरीत उच्चारानुसार लिहिले आहेत.

१. ‘निंजा’ या शब्दाचा सरळ अर्थ काय?

हा शब्द दोन कांजी अक्षरांचा, म्हणजे चीनमधून जपानमध्ये गेलेल्या दोन लिपिचिन्हांचा बनलेला आहे. पहिले अक्षर ‘निन्’. लपणे, आपला माग लागू न देणे आणि सोसणे अशा छटा त्यात आहेत. दुसरे अक्षर ‘जा’, म्हणजे ते काम करणारी व्यक्ती. दोन्ही मिळून ‘लपूनछपून वावरणारा माणूस’ एवढाच अर्थ होतो. मारेकरी, योद्धा किंवा मायावी जादूगार यांपैकी कोणताही अर्थ मूळ शब्दात नाही. हे अर्थ त्याला पुढे कथा-कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी चिकटवले. प्रत्यक्षात या माणसांचे काम शत्रूच्या गडात शिरणे, बातमी काढणे, प्रसंगी आग लावणे आणि जिवंत परत येणे हे होते. परत येण्याला फार महत्त्व होते, कारण हेर मेला तर त्याने काढलेली बातमीही त्याच्याबरोबर जाते.

२. कुठे ‘निंजा’ तर कुठे ‘शिनोबी’ असे वाचायला मिळते. हे दोन वेगळे शब्द आहेत का?

लिहिताना अक्षरे तीच असतात, वाचन मात्र दोन प्रकारे होते. जपानी लोकांनी चिनी अक्षरे घेतली तेव्हा त्यांचे चिनी उच्चारही आपल्या वळणाने घेतले आणि त्याच अक्षरांवर आपले मूळचे देशी शब्दही बसवले. त्यामुळे बहुतेक अक्षरांना चिनी वळणाचे आणि देशी असे निदान दोन उच्चार असतात. पहिल्या अक्षराचा चिनी वळणाचा उच्चार ‘निन्’ आणि देशी उच्चार ‘शिनोबु’ किंवा ‘शिनोबी’. दुसऱ्याचा चिनी वळणाचा ‘शा’ आणि देशी ‘मोनो’. चिनी वळणाने वाचले की ‘निंजा’ आणि देशी वळणाने वाचले की ‘शिनोबी नो मोनो’. यातला ‘नो’ म्हणजे आपला षष्ठीचा ‘चा’ प्रत्यय. ‘शिनोबी’ हे त्याचेच तोंडी रूढ झालेले छोटे रूप.

‘शा’चा ‘जा’ कसा झाला, असेही काहीजण विचारतात. ‘इशा’ म्हणजे वैद्य आणि ‘गाकुशा’ म्हणजे विद्वान या शब्दांत ‘शा’ तसाच राहतो. पण आधी अनुनासिक आले की तो अनेकदा मृदू होतो. ‘कांजा’ म्हणजे रुग्ण आणि ‘शिंजा’ म्हणजे श्रद्धावान ही त्याच प्रक्रियेची उदाहरणे आहेत.

३. ‘हृदयावर रोखलेली तलवारीची धार’ असा या अक्षराचा अर्थ सांगतात. तो खरा आहे का?

अक्षराची रचना तशी दिसते, हे खरे आहे. वरच्या भागात ‘पात्याची धार’ आणि खालच्या भागात ‘हृदय’ किंवा ‘मन’ दाखवणारे चिन्ह आहे. परंतु या मांडणीतून जो अर्थ सांगितला जातो तो अक्षराच्या इतिहासाला धरून नाही. चिनी लिपीतील बहुसंख्य अक्षरांत एक भाग अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा केवळ उच्चाराची. येथे हृदयाचे चिन्ह ‘ही मनाची क्रिया आहे’ एवढे सांगते, तर धारेचे चिन्ह उच्चारासाठी आलेले आहे, कारण चिनी भाषेत ‘धार’ आणि ‘सोसणे’ या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘रेन’ असाच आहे, फरक आहे तो सुरांचा. मनावर धारदार पाते ठेवले असतानाही अविचल राहणे ही प्रतिमा सुंदर आहे आणि उपदेश करताना ती पुष्कळ वापरली गेली आहे. मात्र ती अक्षर तयार झाल्यानंतर त्यात वाचलेली प्रतिमा आहे, अक्षर तिच्यातून जन्मलेले नाही. व्युत्पत्ती म्हणून ती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

४. मग मूळ अर्थ कोणता, ‘लपणे’ की ‘सोसणे’?

दोन्ही, आणि त्यांना जोडणारा धागा ‘आत दाबून ठेवणे’ हा आहे. दुःख आत दाबून ठेवले की ते सोसणे होते. पावलांचा आवाज, चेहऱ्यावरचा भाव किंवा स्वतःचे असणेच दाबून ठेवले की ते लपणे होते. आजच्या जपानी भाषेत दोन्ही अंगे जिवंत आहेत. ‘शिनोबिआशी’ म्हणजे चोरपावले, ‘शिनोबिवाराई’ म्हणजे ओठांत दाबलेले हसू आणि ‘ओशिनोबी’ म्हणजे बड्या व्यक्तीने ओळख न देता केलेली भेट. याउलट ‘निन्ताइ’ म्हणजे सहनशीलता. त्याच अक्षराचा ‘झान्निन्’ हा शब्द मात्र ‘क्रूर’ या अर्थाचा आहे, कारण दुसऱ्याचे हाल पाहूनही मन घट्ट ठेवणे हेही एक प्रकारे दाबून ठेवणेच होय.

दरबारी कवितेत हे क्रियापद प्रेमासाठी येते. मनातले प्रेम जगापासून लपवण्याची धडपड करणारा प्रियकर हेरांच्या कितीतरी आधी ‘शिनोबु’ हे क्रियापद वापरत होता. मातीशिवाय झाडाच्या खोडावर किंवा खडकावर तग धरणाऱ्या एका नेच्याचे नावही ‘शिनोबु’च आहे.

येथे एक गफलत टाळावी. ‘आठवणीने व्याकूळ होणे’ या अर्थाचे एक ‘शिनोबु’ आहे, पण ते वेगळ्या अक्षराने लिहितात. आठव्या शतकातील जपानीत त्याचा उच्चारही वेगळा होता आणि ते निराळे क्रियापद होते. पुढे उच्चार सारखे झाल्यामुळे दोन्हींची सरमिसळ झाली.

५. या शब्दाचा संस्कृतशी किंवा बौद्ध धर्माशी काही संबंध आहे का?

‘निंजा’ हा शब्द संस्कृतातून आलेला नाही. तसा दावा करणाऱ्या मजकुरावर विश्वास ठेवू नये. पण पहिल्या अक्षराचा संस्कृतशी एक खरा आणि जुना संबंध आहे. बौद्ध ग्रंथांचे चिनी भाषांतर होत असताना ‘क्षान्ति’ (सहनशीलता, क्षमा) या संस्कृत शब्दासाठी हेच अक्षर निवडले गेले. बोधिसत्त्वाने अंगी बाणवायच्या सहा पारमितांपैकी क्षान्तिपारमिता जपानीत ‘निन्निकु’ या नावाने ओळखली जाते आणि तिच्या आरंभी ‘निंजा’तलेच ‘निन्’ आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायातील ज्ञानलक्षणांत ‘क्षान्ति’ येते आणि ज्ञानेश्वर महाराजांनी तिचे विवरण केले आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ही संकल्पना परकी नाही. अर्थात हेरांना हे अक्षर बौद्ध धर्मामुळे मिळाले असे यावरून ठरत नाही. एका अक्षराच्या दोन वाटा आहेत. एक मठात जाते, दुसरी शत्रूच्या तटाकडे.

६. या शब्दाचा सर्वांत जुना उल्लेख कोणता?

याचे उत्तर आपण काय शोधतो यावर अवलंबून आहे. ‘शिनोबु’ हे क्रियापद आठव्या शतकातील कवितांत आहे, पण तेथे हेरांचा काहीही संबंध नाही. लढाईतील गुप्त कामगिरी करणारा माणूस या अर्थाने ‘शिनोबी’ हे नाम चौदाव्या शतकातील युद्धांचे वर्णन करणाऱ्या ‘ताइहेइकी’ या बखरीत स्पष्टपणे येते. १३३८ मध्ये आशिकागा पक्षाचा सेनापती को नो मोरोनाओ याने क्योतोच्या दक्षिणेस असलेल्या हाचिमान देवस्थानाच्या डोंगरावर, वाऱ्यापावसाच्या रात्रीचा फायदा घेऊन, निवडक शिनोबी घुसवले आणि देवळाला आग लावली, असे तिथे वर्णन आहे. अभ्यासक भरवशाचा पहिला उल्लेख म्हणून सहसा याच प्रसंगाकडे बोट दाखवतात.

सहाव्या-सातव्या शतकातील राजपुत्र शोतोकु याने आपल्या हेराला ‘शिनोबी’ म्हटले होते, ही गोष्ट खूप ठिकाणी छापली जाते. परंतु ती एदो काळातील (१६०३ ते १८६८), म्हणजे हजार वर्षांनंतरच्या लेखनात येते. आपल्या विद्येचा उगम एखाद्या पूज्य पुरुषापर्यंत नेऊन भिडवण्याची हौस जपानी परंपरांनाही होती, एवढेच त्यावरून समजावे.

७. हा शब्द जपानबाहेरच्या लोकांनी पहिल्यांदा कधी नोंदवला?

१६०३ मध्ये नागासाकी येथे जेझुइट पाद्र्यांनी जपानी-पोर्तुगीज शब्दकोश छापला. सुमारे ३२,००० शब्दांच्या या कोशात ‘शिनोबी’ची नोंद आहे आणि युद्धकाळात रात्री किंवा चोरून गडात वा शत्रूच्या छावणीत शिरून बातमी आणणारा हेर असा अर्थ दिला आहे. ‘निंजा’ असा शब्द त्या कोशात नाही. त्या काळी लोकांच्या तोंडी कोणता शब्द होता याचा इतका थेट पुरावा दुसरा क्वचितच मिळेल, म्हणून मी ही नोंद फार मोलाची मानतो.

या कोशाचा गोव्याशी खरा संबंध आहे. जेझुइटांचा छापखाना युरोपातून जपानला गेला तो गोव्यामार्गे. युरोपला जाऊन परतणाऱ्या जपानी तरुणांच्या शिष्टमंडळाचा मुक्काम गोव्यात होता तेव्हा त्यांच्यापैकी हारा मार्तिन्यो याचे लॅटिन भाषण तेथे १५८८ मध्ये छापले गेले आणि १५९० मध्ये छापखाना जपानला पोहोचला. कोशात ‘शिनोबी’तला ‘शि’ पोर्तुगीज पद्धतीने ज्या रोमन अक्षराने लिहिला आहे, त्याच अक्षराने गोव्यातील रोमी कोंकणीत आजही ‘श’ लिहितात. गोव्यातील वाचकाला चारशे वर्षांपूर्वीची ती नोंद उच्चारायला अडचण येणार नाही.

८. मग त्या काळचे लोक या हेरांना काय म्हणत असत?

प्रांतागणिक वेगवेगळे शब्द होते आणि माझ्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत रोचक भाग हाच आहे. ‘कुसा’ म्हणजे गवत. गवतात दबा धरून बसणाऱ्यांना ते नाव पडले. एचिगोच्या उएसुगी घराण्याकडे ‘नोकिझारू’ म्हणजे ‘वळचणीची माकडे’ असा शब्द सांगतात, तर काइच्या ताकेदा घराण्याकडे ‘मित्सुमोनो’ असा. पूर्वेकडच्या कांतो भागात होजो घराण्याच्या पदरी ‘राप्पा’ होते आणि इतरत्र ‘सुप्पा’ हा शब्द चालत असे. ‘टेहळणी करणारा’ या अर्थी ‘मोनोमी’ हा शब्दही होता, पण त्यात गुप्तपणाची अट नव्हती.

यांपैकी ‘सुप्पा’चे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ‘क्योगेन’ या विनोदी नाट्यप्रकारात सुप्पा म्हणजे भोळ्या खेडुताला गंडवणारा ठक. आणि आजच्या जपानी पत्रकारांच्या भाषेत एखादी दडवलेली बातमी अनपेक्षितपणे फोडण्याला ‘सुप्पानुकु’ म्हणतात. ज्याने शत्रूचे गुपित काढायचे, त्याचे नाव आज वर्तमानपत्राच्या कचेरीत टिकून आहे. ‘निंजा’ हा शब्द या यादीत नाही, याची नोंद घ्यावी; कारणासाठी प्रश्न १० पाहा.

९. ‘इगा’ आणि ‘कोगा’ ही नावे काय आहेत? आणि ‘कोगा’ बरोबर की ‘कोका’?

ही दोन्ही प्रदेशांची नावे आहेत. इगा म्हणजे आजच्या मिए प्रांताचा पश्चिम भाग आणि कोका म्हणजे शिगा प्रांताचा दक्षिण भाग. दोन्ही एकमेकांना लागून आहेत. डोंगराळ मुलूख, बलाढ्य सरदाराचा अभाव आणि एकजुटीने कारभार पाहणारी लहान लहान जमीनदार घराणी यांमुळे तेथे ही विद्या वाढली. १५८१ मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराने इगा उद्ध्वस्त केले. पुढच्याच वर्षी नोबुनागा मारला गेला, तेव्हा अडचणीत सापडलेल्या तोकुगावा इएयासू या सरदाराला या मुलखातून सुखरूप बाहेर काढण्यात तेथील लोकांनी मदत केली आणि नंतर त्यांना त्याच्या पदरी चाकरी मिळाली. तेथून ‘इगामोनो’, म्हणजे ‘इग्याची माणसे’, हा शब्दच पहारेकरी आणि हेरांच्या पथकांसाठी रूढ झाला. गावाच्या नावाने धंद्याची ओळख होणे आपल्याकडेही नवे नाही. या पथकांशी जोडलेल्या हात्तोरी हान्झो याचे नाव तोक्योतील राजवाड्याच्या हान्झोमोन या दरवाजात आजही आहे.

उच्चाराबाबत : स्थानिक आणि अधिकृत उच्चार ‘कोका’ आहे, २००४ मध्ये स्थापन झालेल्या शहराचे नावही ‘कोका’च आहे. ‘कोगा’ हा उच्चार गोष्टींमधून पसरला.

१०. मग ‘निंजा’ हा उच्चार केव्हा रूढ झाला?

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो, पण पुरावा तसाच आहे. एदो काळात ‘शिनोबी नो मोनो’ किंवा ‘इगामोनो’ म्हणत. १९१०च्या दशकात ओसाकात निघालेल्या खिशात मावणाऱ्या स्वस्त पुस्तकांनी सारुतोबी सासुके या काल्पनिक नायकाला घरोघरी पोहोचवले, तेव्हाही अशा नायकाला ‘निन्जुत्सु-त्सुकाइ’, म्हणजे ‘निन्जुत्सू (शिनोबींची विद्या, प्रश्न १२ पाहा) वापरणारा’, असे म्हटले जाई. १९५०च्या दशकाची अखेर आणि १९६०चे दशक या काळात कादंबऱ्या, चित्रकथा आणि चित्रपटांची लाट आली आणि त्यात ‘निंजा’ हे सुटसुटीत, चिनी वळणाचे वाचन पक्के झाले. १९६४ मधील एका इंग्रजी हेरकादंबरीने आणि १९६७ मधील तिच्यावरच्या चित्रपटाने तो शब्द पाश्चात्त्य जगात नेला. परदेशी जिभेला ‘शिनोबी नो मोनो’पेक्षा ‘निंजा’ सोपा वाटला, हेही तो टिकण्याचे एक कारण असावे.

११. पण जुन्या हस्तलिखितांत तीच दोन अक्षरे दिसतात. मग शब्द जुना ठरत नाही का?

अक्षरजोडी जुनी आहे, उच्चार नवा आहे. जपानी मजकुरात अक्षरांवरून उच्चार आपोआप ठरत नाही, हे प्रश्न २ मध्ये पाहिलेच. जुन्या कागदात ती जोडी आली की ती बहुधा ‘शिनोबी नो मोनो’ अशी वाचायची असते. कडेला उच्चारदर्शक कानालिपी दिलेली असेल किंवा मधला ‘नो’ लिहिलेला असेल, तर शंका उरत नाही. म्हणून ‘सोळाव्या शतकातील निंजा’ असे लिहिण्यास आजची संज्ञा म्हणून हरकत नाही. मात्र त्या शतकातील पात्राच्या तोंडी ‘मी निंजा आहे’ हे वाक्य घालणे चुकीचे आहे.

१२. ‘निन्जुत्सू’ हा शब्दही तितकाच नवा आहे का?

नाही. ‘जुत्सू’ म्हणजे तंत्र किंवा विद्या आणि ‘निन्जुत्सू’ हा शब्द एदो काळातील ग्रंथांत आहे. इग्याच्या फुजिबायाशी घराण्यातील लेखकाने १६७६ मध्ये सिद्ध केलेल्या ‘बान्सेन्शूकाइ’ या मोठ्या संकलनात या विद्येविषयी प्रश्नोत्तरांचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि चीनमध्ये हेरांना कोणकोणती नावे होती याचीही चर्चा त्यात येते. म्हणजे नावाबद्दलचे कुतूहल साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या वाचकांनाही होते. विद्येचे नाव जुने आणि विद्यावंताचे आजचे नाव नवे, अशी ही उलटी स्थिती आहे.

१३. ‘कुनोइची’ म्हणजे स्त्री निंजा, हे बरोबर आहे का?

आजच्या वापरात बरोबर, मूळ अर्थाने नाही. ‘स्त्री’ या अर्थाचे कांजी अक्षर तीन फटकाऱ्यांत लिहितात. ते तीन फटकारे सुटे केले तर ‘कु’, ‘नो’ आणि एक हा आकडा, म्हणजे ‘इची’, यांसारखे दिसतात. त्यावरून ‘कुनोइची’ हा ‘स्त्री’साठीचा सांकेतिक शब्द झाला. ‘बान्सेन्शूकाइ’मध्ये ‘कुनोइचीचे तंत्र’ येते, पण त्याचा अर्थ पुरुषाला शिरता येत नाही अशा घरात एखादी स्त्री पाठवून काम साधणे असा आहे. शस्त्रे घेऊन छपरांवरून उड्या मारणारी कुनोइची ही विसाव्या शतकातील कादंबऱ्यांची निर्मिती आहे.

१४. निंजा आणि सामुराई हे परस्परविरोधी शब्द आहेत का?

नाहीत. ‘सामुराई’ हा दर्जा सांगणारा शब्द आहे आणि ‘शिनोबी’ कामगिरी सांगणारा. इगा-कोका भागातील अनेक शिनोबी स्वतः जमीन राखून असलेले लहान सामुराई होते आणि एदो काळात पुष्कळ जण सरदारांच्या पदरी खालच्या दर्जाचे सामुराई म्हणून नोंदलेले होते. स्वतः हात्तोरी हान्झो सामुराई सेनानी होता.

१५. शब्दात काळ्या पोशाखाचा काही निर्देश आहे का?

अजिबात नाही. काळा वेष चित्रांतून आणि रंगभूमीवरून रूढ झाला. ज्याला लोकांत मिसळायचे, तो फेरीवाल्याचा किंवा भिक्षूचा वेष घेईल हे उघड आहे.

१६. मराठीत हा शब्द कसा लिहावा आणि उच्चारावा?

‘निंजा’ हे लेखन योग्य आहे. यातला ‘ज’ ‘राजा’मधल्यासारखा तालव्य उच्चारावा, ‘ताजा’मधल्यासारखा दंततालव्य नव्हे, मराठीत दोन्ही ‘ज’ एकाच अक्षराने लिहिले जात असल्याने ही चूक सहज होते. जपानीत ‘नि’, ‘न्’ आणि ‘जा’ या तिन्हींना सारखाच वेळ मिळतो. म्हणून अनुस्वार घाईने गिळू नये आणि शेवटचा ‘आ’ लांबवू नये. जपानीत अनेकवचनाचे वेगळे रूप नाही. मराठीत ‘राजा’प्रमाणे ‘निंजाने’, ‘निंजांनी’ अशी रूपे करावीत. ‘निंज्याने’ हे रूप कानाला खटकते.

१७. मराठीत ‘निंजा’साठी ‘हेर’ म्हणावे का? आणि बहिर्जी नाईकांना ‘निंजा’ म्हणता येईल का?

‘हेर’ हा सर्वांत जवळचा शब्द आहे, पण शिनोबीच्या कामात बातमी काढण्याबरोबर गडात शिरणे आणि जाळपोळही येत असे, ते ‘हेर’ या शब्दात पुरेसे मावत नाही. ऐतिहासिक लेखनात एकदा अर्थ सांगून ‘शिनोबी’ हाच शब्द ठेवावा. बहिर्जी नाईकांना मात्र ‘निंजा’ म्हणू नये. आपल्या भाषेत हेर, जासूद, नजरबाज असे अस्सल शब्द असताना, जपानातही साठ-सत्तर वर्षांपूर्वीच रूढ झालेला शब्द शिवकाळावर लादण्यात त्यांचा गौरव होत नाही.

१८. जपानमध्ये ‘निन्’ हे अक्षर दिसले की तेथे निंजांचा संबंध असतोच का?

नसतो, आणि प्रवासी येथे हमखास फसतात. साइतामा प्रांतातील ग्योदा शहरात एक किल्ला आहे. त्याच्या नावातील पहिले अक्षर हेच आहे, पण तेथे त्याचे वाचन ‘ओशी’ असे होते. १५९० मध्ये इशिदा मित्सुनारीने बांध घालून या किल्ल्याला पाण्याने वेढले होते. त्या लढाईमुळे तो प्रसिद्ध आहे, हेरांमुळे नव्हे. फुजी पर्वताजवळच्या झऱ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ओशिनो गावाच्या नावातही हेच अक्षर याच ‘ओशी’ वाचनाने येते. तोक्योतील उएनो भागात कमळांनी भरलेले शिनोबाझु तळे आहे. त्याच्या नावात या अक्षराच्या आधी नकार दाखवणारे चिन्ह आहे. मुलींचे ‘शिनोबु’ हे नावही काही वेळा याच अक्षराने लिहितात आणि ते ठेवणाऱ्या आईवडिलांच्या मनात सोशीकपणा असतो, रात्रीची चोरपावले नव्हे.